बोटं किती दिसतात, हे विचारणं सोडा

पत्र, थोडक्यात:

‘मी पूर्व नागपुरातल्या एका शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. १७ वर्षांखालील मुलींचा कबड्डी संघ माझ्याकडे आहे. गेल्या शनिवारी आमच्या मुख्य रेडरचं डोकं समोरच्या कव्हरच्या (पकड करणाऱ्या मुलीच्या) डोक्यावर आदळलं. दोन-तीन सेकंद ती मॅटवर पडून होती, मग उठली. संघाला मार्गदर्शन करणारे ज्येष्ठ सर धावले, कपाळावर स्प्रे मारला, “बोटं किती?” विचारलं. ती म्हणाली, “दोन.” “चाल, खेळ.” थोड्या वेळाने ती मध्यरेषेपाशी उभी राहून शेजारणीला विचारत होती, “रेड आपली आहे का?” तरी शेवटपर्यंत खेळली. रात्री दोनदा उलटी झाली. सीटी स्कॅन नॉर्मल आला. आता फळ्याकडे पाहिलं की डोकं दुखतं, ट्यूबलाइटचा त्रास होतो म्हणते. विभागीय सामने नऊ दिवसांवर आहेत. मुलगी दहावीत, क्रीडा गुणांचा प्रश्न. आई म्हणते, सीटी नॉर्मल आहे तर खेळू द्या. सर म्हणतात, “कबड्डीत एवढं तर लागतेच.” मैदानावरच सगळं कळेल असं सांगणाऱ्या एका मोबाइल अ‍ॅपसाठी शाळा पैसे द्यायला तयार आहे. दोन मिनिटांत मी नेमकं काय तपासायचं? अ‍ॅप घ्यायचं का? आणि सरांना काय सांगू?’

प्रिय मॅडम,

प्रश्न तुम्ही तीन विचारलेत, पण घाई आहे ती चौथ्याची, म्हणून तो आधी निकालात काढते. विभागीय सामन्यांत ही मुलगी खेळणार नाही. फळ्याकडे पाहून डोकं दुखतंय, उजेड सहन होत नाही, म्हणजे मेंदू अजून सावरलेला नाही. तिला उद्या-परवाच पुन्हा डॉक्टरांकडे पाठवा आणि सामन्यात काय घडलं ते तुमच्या हाताने कागदावर लिहून सोबत द्या. ‘दोन-तीन सेकंद पडून होती, नंतर रेड कोणाची ते कळत नव्हतं, रात्री दोन उलट्या.’ घरच्यांनी पहिल्या वेळी बहुतेक ‘पडली, उलटी झाली’ एवढंच सांगितलं असेल, कारण मधली गोष्ट त्यांनी पाहिलेलीच नाही. ती फक्त तुम्ही आणि तिच्या शेजारणीने पाहिली आहे.

सीटीचं आईंना नीट समजावून सांगावं लागेल. सीटी काढतात ती रक्तस्राव किंवा कवटीचं फ्रॅक्चर शोधायला. ते नाही हे कळलं, बरंच झालं. पण कन्कशन, म्हणजे हिसक्याने मेंदूच्या कामकाजात होणारा बिघाड, सीटीत दिसत नाही. डोक्याला हिसका बसला की मेंदूतल्या पेशींचे लांब तंतू ताणले जातात, पेशींच्या आतबाहेरचा पोटॅशियम-कॅल्शियमचा तोल बिघडतो, तो पुन्हा जागेवर आणायला पेशींना जास्त ऊर्जा लागते आणि नेमका त्याच वेळी रक्तपुरवठा कमी पडतो. बिघाड सगळा कामकाजातला. भरदुपारी काढलेल्या घराच्या फोटोत भिंतीची भेग दिसेल, पण घरात लाइट गेली आहे हे त्यात कसं दिसणार? आईंना हे असंच सांगून पाहा.

या अवस्थेत दुसरा टोला बसला तर मेंदूला अचानक सूज येऊन जीव जाण्यापर्यंत वेळ येऊ शकते. असं क्वचित घडतं, पण घडतं ते मुख्यतः किशोरवयीन आणि तरुण खेळाडूंमध्ये. आणि ते बाजूला ठेवलं तरी, मार लागल्यावर लगेच बाहेर आलेल्यांपेक्षा तसंच खेळत राहिलेल्यांना बरं व्हायला जास्त दिवस लागतात, हे अभ्यासांत दिसलं आहे. तुमची मुलगी शनिवारी शेवटपर्यंत खेळली. त्याची किंमत ती आता वर्गात मोजते आहे.

आता तुमचा पहिला प्रश्न. मैदानाच्या कडेला होणारी तपासणी खेळाडूला बाहेर काढण्यासाठी असते. परत आत पाठवायचा परवाना म्हणून ती वापरायची नाही. संशय आला की बाहेर, आणि बाहेर आली की त्या दिवशी आत नाही, उत्तरं कितीही खणखणीत दिली तरी. याचं कारण, लक्षणं कधीकधी काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी उगवतात. २०१९ च्या ऑगस्टमधली लॉर्ड्सची अ‍ॅशेस कसोटी आठवा. जोफ्रा आर्चरचा चेंडू स्टीव्ह स्मिथच्या मानेवर बसला, तो कोसळला, आत नेऊन त्याची तपासणी झाली, त्यात तो पास झाला आणि परत येऊन ९२ पर्यंत खेळला. दुसऱ्या दिवशी सकाळी डोकं दुखतंय, सुस्ती आहे, म्हणून पुन्हा तपासलं आणि त्याला सामन्याबाहेर काढलं. मार्नस लाबुशेन त्याच्या जागी खेळला. कन्कशनसाठी बदली खेळाडू घ्यायचा नियम नुकताच १ ऑगस्टपासून लागू झाला होता आणि कसोटीतला तो पहिलाच बदली. तिथे पूर्ण वेळ संघाचे डॉक्टर हजर असतात. आपल्याकडे शालेय सामन्यात एका डब्यात कापूस, क्रेप बँडेज आणि तो स्प्रे. स्प्रे घोट्यासाठी ठीक आहे, कपाळावर मारून मेंदूला काय गारवा मिळतो ते मला कधी कळलेलं नाही.

बोटांचा प्रश्न का सोडायचा? कारण कन्कशन झालेली बहुतेक मुलं बोटं बरोबर मोजतात. स्वतःचं नाव, आजचा वार, हेही बरोबर सांगतात. जातं ते नुकतंच घडलेलं. ऑस्ट्रेलियन फुटबॉल खेळणाऱ्यांवर डेव्हिड मॅडॉक्स यांनी हे तपासलं, १९९५ मध्ये ते प्रसिद्ध झालं, आणि तेव्हापासून त्यांचे पाच प्रश्न जगभर थोडेफार बदलून विचारतात. बारा वर्षांवरच्या मुलांना ते चालतात, म्हणजे तुमच्या संघाला चालतील. कबड्डीसाठी मी ते असे विचारीन: आपण आत्ता कुठल्या मैदानावर आहोत? हा पहिला हाफ की दुसरा? शेवटचा लोण (अख्खा संघ बाद) कोणी कोणावर दिला? याआधीची मॅच कोणाशी झाली? ती आपण जिंकलो का? मूळ प्रश्न ‘शेवटचा पॉइंट कोणाचा’ असा आहे, पण कबड्डीत दर तीस सेकंदाला रेड बदलते, धडधाकट मुलगीही तिथे गोंधळेल. लोण झालाच नसेल तर ‘तुझ्या आधी बाद कोण झालं’ विचारा. घरी जी भाषा बोलते त्या भाषेत विचारा. अर्ध्या मुली हिंदीत उत्तर देतील, देऊ द्या. आणि उत्तरं आधी तुम्हाला ठाऊक हवीत. गडबडीत दोन हाफ आणि चार मॅचेस शिक्षकाच्याही डोक्यात एकत्र होतात, म्हणून विचारणारी व्यक्ती स्कोअररच्या टेबलाजवळची असलेली बरी. एक उत्तर चुकलं तरी मुलगी बाहेर.

पण हे प्रश्न नंतरचे. पहिलं अर्धं मिनिट नुसतं पाहायचं आहे. पडताना हात टेकवून सावरली, की न सावरता सरळ आदळली? निपचित पडली का, दोन सेकंद का होईना? उठायला वेळ लागला? पाय वाकडेतिकडे पडतायत? डोळे उघडे पण नजर हरवलेली? यातलं एक जरी दिसलं तर प्रश्न विचारायची गरजच उरत नाही, खेळ संपला. कन्कशनमध्ये शुद्ध हरपतेच असं समजू नका. दहात नऊ वेळा तरी ती हरपत नाही. तुमच्या मुलीच्या बाबतीत पडून राहणं आणि रेड कोणाची हे न कळणं, दोन खुणा समोर होत्या. बोटांनी त्या झाकल्या.

पाहून झालं की तिच्या तक्रारी. डोकं दुखतंय, मळमळतंय, गरगरतंय, धूसर दिसतंय, उजेड किंवा आवाज नको वाटतोय, किंवा नुसतंच ‘कसंतरीच वाटतंय’. एकही असली तर बाहेर. मात्र ‘मले काही नाही झालं मॅडम’ हे उत्तर जमेस धरू नका. दहावीची मुलगी, विभागाची निवड, क्रीडा गुण, पुढे नोकरीतलं खेळाडूंचं आरक्षण, एवढं सगळं त्या एका वाक्याच्या मागे उभं असतं. तिच्यापेक्षा कॉर्नरला, म्हणजे तिच्या शेजारी खेळणारीला, विचारा. आपल्यातली कोणी वेड्यासारखं वागायला लागली की शेजारणीला आधी कळतं, फक्त तिला कोणी विचारत नाही. सीझन सुरू व्हायच्या आधीच संघाला सांगून ठेवा, की असं दिसलं तर मॅडमना सांगायचं आणि ती चुगली धरली जाणार नाही.

नुसता डोक्याला हात लागला, खूण काही नाही, तक्रार नाही, उत्तरं बरोबर, तर ती खेळू दे. कबड्डीत प्रत्येक चापटीला मॅच थांबवली तर मॅचच होणार नाही, तेवढं सरांचं खरं आहे. मात्र एक नजर तिच्यावर ठेवा आणि रात्री घरी एक फोन करा.

कबड्डीतली एक जागा मला धोक्याची वाटते, तिच्याकडे कोणाचंच लक्ष नसतं. बाद झालेली मुलगी बाजूला जाऊन बसते. तुमचे डोळे मॅटवर. ती तिथे डोकं धरून बसली आहे, की पाणी मागते आहे, की शून्यात पाहते आहे, कोणी बघत नाही. मग संघाला गुण मिळतो, तिचा नंबर येतो, ती जिवंत होऊन आपोआप आत जाते. कोणी तिला ‘जा’ म्हटलेलंच नसतं. तेव्हा टोला लागून बाद झालेल्या मुलीजवळ एका शिक्षिकेला नेऊन बसवा. बाद होऊन बसणं म्हणजे तपासायला फुकट मिळालेला वेळ आहे. आणि तिचा नंबर यायच्या आत पंचांना सांगून बदली खेळाडू तयार ठेवा. बेंचवर पाच जणी असतात, त्या यासाठीच.

खालच्या गोष्टी दिसल्या तर मात्र प्रश्नोत्तरं नाहीत, थेट १०८: शुद्ध हरपणं, झटके, मान दुखणं किंवा दाबली तर कळ येणं, एकाच्या जागी दोन दिसणं, एकापेक्षा जास्त हातापायांत मुंग्या किंवा जोर नसणं, वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हापुन्हा उलटी, आणि मुलगी चिडचिडी, अस्वस्थ, अंगावर धावून येणारी होणं. आपल्याकडे पडलेल्या गड्याला दोन्ही हात धरून ओढून उभं करायची पद्धत आहे. ती बंद करा. डोकं आपटलं म्हणजे मानेलाही लागलं असं धरून चालायचं, रुग्णवाहिका येईपर्यंत हलवायचं नाही, श्वास नीट चालू आहे ना तेवढं पाहायचं. नाकाशी कांदा, तोंडात जबरदस्तीने ग्लुकोजचं पाणी, गालावर चापट्या, हे तर नकोच. मैदान कुठलं आहे त्याप्रमाणे रुग्णालय आदल्या दिवशीच ठरवून ठेवा: रेशीमबागेत सामना असेल तर मेडिकल जवळ, चिटणीस पार्कवर असेल तर मेयो, मिहानकडे असाल तर एम्स. आणि सामना उन्हातला असेल आणि मुलगी भ्रमिष्टासारखं बोलत असेल, तर ऊन लागलं की डोक्याला लागलं यावर वाद घालत बसू नका. सावली, ओले टॉवेल, आणि १०८.

उलटी, वाढती डोकेदुखी याला एवढं महत्त्व का, तर कन्कशनबरोबर किंवा त्याच्या वेषात कधी कवटीच्या आतला रक्तस्रावही येतो. १९९८ च्या फेब्रुवारीत ढाक्यात क्लबच्या सामन्यात भारताचे क्रिकेटपटू रमण लांबा हेल्मेट न घालता फॉरवर्ड शॉर्ट लेगला उभे होते. फटका डोक्याला लागला, ते स्वतःच्या पायांनी चालत बाहेर गेले. थोड्या वेळात प्रकृती ढासळली, तीन दिवसांनी ते गेले. चालत गेला म्हणजे ठीक आहे, हा हिशोब म्हणूनच धरत नाहीत. तुमच्या मुलीच्या रात्रीच्या उलट्यांवर सीटी काढली, हे घरच्यांनी अगदी योग्य केलं.

आता अ‍ॅप. घेऊ नका. तुम्ही नाव लिहिलं नाही आणि मला त्याची गरजही नाही, कारण अडचण सगळ्यांची एकच आहे. आकडे भराभर वाचायला लावा, तोल पाहा, डोळ्यांची हालचाल टिपा, या चाचण्यांना त्याच मुलीचा चांगल्या दिवसाचा निकाल शेजारी ठेवावा लागतो. तो सीझनच्या आधी, शांत खोलीत, प्रत्येकीचा घेतलेला हवा. नसेल तर स्क्रीनवरचा हिरवा ठिपका काय सांगणार? आणि तो हिरवा ठिपकाच माझ्या भीतीचं कारण आहे. सरांना बोटं दिसत होती, उद्या ठिपका दिसेल, आणि मुलगी पुन्हा आत जाईल.

डॉक्टर वापरतात तो तक्ता ‘स्कॅट-६’. २०२२ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला भरलेल्या, खेळातल्या कन्कशनवरच्या परिषदेतून तो २०२३ मध्ये आला. १३ वर्षांपासून पुढच्यांसाठी हा, ८ ते १२ साठी वेगळा. त्यात २२ लक्षणं मोजायची, दहा शब्द ऐकवून पुन्हा म्हणायला लावायचे, महिने उलटे म्हणायचे, वेगवेगळ्या प्रकारे उभं करून तोल पाहायचा. दहा-पंधरा मिनिटं हमखास जातात आणि तो आरोग्य क्षेत्रातल्या प्रशिक्षित माणसानेच करायचा असतो. त्यात सगळं ठीक आलं तरी कन्कशन नाहीच असं म्हणता येत नाही, हे त्याच तक्त्यात लिहिलेलं आहे. तुमच्यासारख्यांसाठी त्याच मंडळींनी ‘सीआरटी-६’ नावाचा छोटा कागद काढला आहे, तो फुकट मिळतो. वर मी लिहिलं ते बरंचसं त्यातलंच. त्याची प्रत लॅमिनेट करून त्या कापसाच्या डब्यात ठेवा. शाळेकडे पैसे आहेतच तर सामन्याच्या दिवशी एखादा फिजिओथेरपिस्ट बोलवा, नाहीतर एक स्ट्रेचर घ्या.

सरांना पटवायला जाऊ नका. मुलींना घडवलेला माणूस आहे, मॅटच्या कडेला, हरत असताना, सगळ्यांसमोर त्यांच्याशी वाद घातलात तर हार तुमचीच. नियम आधी ठरवा, वाद आपोआप टळेल. मुख्याध्यापकांच्या सहीने एक पान काढा: डोक्याला मार लागून एकही खूण दिसली तर त्या दिवशी खेळ बंद, निर्णय अमुक शिक्षिकेचा, आणि परतीसाठी डॉक्टरांचं लेखी पत्र. निर्णय घेणारी व्यक्ती प्रशिक्षक नको, तुम्हीही नको. जिला स्कोअरशी देणंघेणं नाही अशी कोणी. गणिताच्या मॅडम चालतील. पालकांच्या सभेत ते पान वाचून दाखवा, सामन्याआधी पंचांच्या हातात द्या. सरांना एवढंच म्हणा, ‘सर, शाळेचा नियम आहे, माझा नाही.’ त्यांना स्मिथची गोष्ट सांगितलीत तरी चालेल. कबड्डीवाल्यांनाही क्रिकेटचं पटतं, काय करणार.

मुलीचं पुढे काय? पहिले एक-दोन दिवस विश्रांती आणि मोबाइल अगदी कमी, ती वेळ आता गेली. अंधाऱ्या खोलीत आठवडाभर निजवून ठेवायची पद्धत आता मागे पडली आहे; त्रास फारसा वाढत नसेल तर सावकाश चालणं चांगलंच. पण डोकं दुखणं एवढे दिवस टिकलंय म्हणून चालण्याचं प्रमाणही डॉक्टरांना विचारूनच. आधी शाळा जमली पाहिजे: पहिल्या बाकावर नको, खिडकीचा उजेड पाठीमागे, मधे उठून जायची मुभा, चाचण्या पुढे ढकललेल्या. वर्ग पूर्ण वेळ सोसला की मग खेळाच्या पायऱ्या. हलकं धावणं, मग एकटीने फूटवर्क, मग अंगाला अंग न लावता बोनसचा सराव, मग डॉक्टरांची परवानगी घेऊन पकडी, शेवटी सामना. प्रत्येक पायरीला निदान एक दिवस. त्रास वाढला तर एक पायरी मागे. मुलांना सावरायला चार आठवडेही लागू शकतात. ब्रिटनने २०२३ मध्ये शाळा आणि स्थानिक क्लबांसाठी जी मार्गदर्शिका काढली, त्यात इजेपासून २१ दिवसांच्या आत सामना नाही, आणि सामन्याआधीचे १४ दिवस आराम करतानाही काही त्रास झालेला नको, सामन्याआधीच्या सरावातही नको. डॉक्टर हाताशी नसलेल्या आपल्या शाळांना हाच हिशोब बरा. शनिवारपासून मोजा, विभागीय सामने त्याच्या आतच येतात.

पुढे कधी कोणाला लागलं तर आणखी एक. त्या संध्याकाळी मुलीला स्कूटीवर किंवा सायकलवर एकटीने घरी पाठवायचं नाही. पहिले काही तास तिच्याजवळ मोठं माणूस हवं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन असल्या गोळ्या नकोत. झोपूच द्यायचं नाही असं नसतं. तपासून झालं, धोक्याची खूण नाही, तर झोपू द्या, घरचं कोणी खोलीत असावं.

क्रीडा गुणांचं मात्र आईंना तोंडी आश्वासन देऊ नका. निवड झालेली पण वैद्यकीय कारणाने न खेळलेली खेळाडू, तिच्या गुणांचं काय, हे शाळेच्या लेटरहेडवर जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांना लिहून विचारा, डॉक्टरांचं पत्र जोडा, आणि हे सामन्यांच्या आधी करा. नंतर विचारलेल्या प्रश्नाला कार्यालयात फार वेळ लागतो. तिचं नाव यादीतून काढण्यापूर्वीही त्यांनाच विचारा. विभागीय सामन्यांना तिला यायचं असेल तर येऊ दे, डॉक्टरांची हरकत नसेल तर. गोंगाटाने आणि लाइटने डोकं दुखायला लागलं तर मात्र कोणीतरी सोबत देऊन घरी पाठवा, आणि किट तिच्या बॅगेत राहू देऊ नका. सहाव्या मिनिटाला तीन जणी बाद झाल्या की सरांची नजर तिच्याकडेच जाईल.